ब्रेकची खरखर

बैलगाडी उताराला लागली, की बैल मान ताठ करून भार अडवतात. मोटारसायकलला बैल नसतात. तिचा सारा भार ब्रेक अडवतो. म्हणून ब्रेक काही सांगू लागला, तर ते ऐकले पाहिजे.

आमच्या शेजारचा एक तरुण रोज पहाटे दुधाचे दोन कॅन घेऊन तालुक्याला जातो. तो आमचा जुना विद्यार्थी. त्याची गाडी दारावरून गेली, की मागच्या चाकातून ‘खर्र खर्र’ आवाज येई. आम्ही म्हटले, “अरे, ब्रेक दाखवून घे.” तो म्हणाला, “गुरुजी, ब्रेक लागतोय ना? मग झालं!”

दहा दिवसांनी ओढ्याच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी बांधावर चढली. दूध सांडले, गुडघा फुटला. जीव वाचला, एवढेच नशीब. मग आम्ही दोघांनी अंगणात बसून ते चाक उघडले. तेव्हा जे पाहिले, तेच इथे सांगतो.

चाकाच्या मधोमध एक गोल, पोकळ डबा असतो. त्याला ड्रम म्हणतात. आत अर्धचंद्रासारखे दोन तुकडे असतात. ते ब्रेकशू. शू म्हणजे जोडा. जोड्याला तळवा असतो, तशी शूवर जाड पट्टी चिकटवलेली असते. तिला लायनर म्हणतात. आपण पायाने ब्रेक दाबला, की दोन्ही शू फाकतात. लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबते.

वहाणेचा तळवा झिजला, की पायाला खडे टोचतात. तसेच इथे होते. लायनर संपला, की शूचा धातू ड्रमवर घासतो. तीच ती खरखर. मग ड्रमला चरे पडतात. शूची जोडी स्वस्त मिळते; ड्रम बिघडला, तर त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

प्रत्येक आवाज झिजेचाच असतो असे नाही. चिखलातून गाडी गेली, तर आत वाळू शिरते. गाडी पावसात उभी राहिली, तर ड्रमला गंज धरतो. गंजाचा आवाज चार-दोनदा ब्रेक दाबला, की जातो. आवाज गेला नाही, तर चाक उघडावे. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकवर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला, तर लायनर संपला असे समजावे.

आता कामाची रीत पाहू.

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. किल्ली काढा. ब्रेक थंड होऊ द्या.

२. चेन ताणण्याच्या जागी दोन्ही बाजूंना रेघा असतात. चाक कोणत्या रेघेवर आहे, ते कागदावर लिहून ठेवा. आता लिहिता येते, त्याचा उपयोग करा.

३. ब्रेकच्या दांडीचा नट सोडा. ब्रेकच्या झाकणाला धरून ठेवणारी पट्टी सोडा. मग एक्सलचा नट काढून एक्सल ओढा. झाकण शूसकट सुटे होते. कोणती वस्तू कुठे होती, त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

४. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. काही लायनरांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

५. लायनरची जाडी पाहा. पुष्कळ गाड्यांत ती २ मिलिमीटरपर्यंत आली, म्हणजे साधारण आगकाडीइतकी उरली, की शू बदलावेत. लायनरला ग्रीस किंवा तेल लागले असेल, तरीही बदलावेत. दोन्ही शू एकदमच बदला.

६. ड्रमवरून बोट फिरवा. बारीक चरे असतील, तर पॉलिश पेपरने हलके घासून पुसा. खोल खाचा असतील, तर फिटरला दाखवा.

७. नव्या शूंना स्प्रिंगा लावा, दोन्ही शू घडीसारखे मधे उचलून धरा आणि जागेवर दाबून बसवा. शूंना फाकवणाऱ्या कळीला ग्रीसचे फक्त बोट लावा. लायनरला आणि ड्रमला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

८. उलट क्रमाने सारे जोडा. चाक लिहून ठेवलेल्या रेघांवरच आणा. झाकणाची पट्टी लावायला विसरू नका. ती नसेल, तर ब्रेक दाबताच झाकण फिरते आणि चाक अडकते. सगळे नट घट्ट करा. ब्रेकचे पॅडल साधारण २ ते ३ सेंटिमीटर सैल ठेवा. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे.

९. आधी मोकळ्या मैदानात, एकट्याने, हळू चालवून पाहा. मागे बायकोमुलांना बसवून परीक्षा घेऊ नका.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल, तर त्यात तेलाची नळी असते. तिला हात लावू नका. ते काम फिटरचे.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी २० किलोमीटरने जाणारी गाडी जिथे ५ पावलांत थांबेल, तिथे ताशी ४० ने जाणारीला २० पावले लागतील. नवा ब्रेकसुद्धा हा हिशेब बदलू शकत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याने आता दुधाच्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवले आहे. शू कधी बदलले, पॅडल कधी कसले, ते तारखेसह लिहितो. तुम्हीही एक पान ठेवा. खरखर ऐकली, तर त्याच दिवशी चाक उघडा.