बंदुकीचा चाप हलका करून घेताय? आधी हे वाचा

रत्नागिरी : भात लोंबीवर आलं की रानडुकरांचा फेरा सुरू होतो. काजू-आंब्याच्या दिवसांत वानर-माकडं बाग उठवतात. म्हणून राजापूर, लांजा, संगमेश्वरपासून मंडणगडपर्यंत अनेक घरांत शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. कुठे ठासणीची, कुठे बारा बोरची. बऱ्याचशा बंदुका आजोबा-वडिलांच्या काळातल्या. चार महिने पाऊस, वर्षभर खारी हवा. अशात एक दिवस चाप जड लागायला लागतो. बोट दुखतं, बार सुटेपर्यंत डुक्कर पसार होतं. मग कोणीतरी सल्ला देतो, "आतली खाच जरा घासून घे, लोण्यासारखा चालेल." हा सल्ला जिवावर बेतू शकतो आणि तुरुंगातही नेऊ शकतो.

चाप म्हणजे नेमकं काय?

ठासणीच्या बंदुकीत घोडा मागे ओढला की आतली स्प्रिंग ताणली जाते. घोड्याच्या मुळाशी एक खाच असते, तिच्यात एक छोटा दात अडकतो. ताणलेली स्प्रिंग फक्त त्या दातावर थांबलेली असते. चाप ओढला की दात खाचेतून निसटतो, घोडा केपवर आदळतो आणि बार होतो. बारा बोरच्या बंदुकीत घोडा बहुधा आत लपलेला असतो, पण तत्त्व तेच.

सैन्य-पोलिसांच्या खास पथकांकडे असणारी ग्लॉकसारखी नवी पिस्तुलं थोडी वेगळी. त्यांत घोडा नसतो, स्प्रिंगवरची एक सुई सरळ पुढे जाऊन काडतुसाला ठोकते. अशा पिस्तुलाला बाहेर हाताने लावायचा खटका बहुधा नसतो. त्याचा चाप साधारण अडीच किलोच्या ओढीने सुटतो. बोट चुकून लागलं तरी बार होऊ नये म्हणून आत वेगळे अडसर असतातच, पण चापाचा तो जडपणा हाही सुरक्षेचाच भाग आहे. परदेशात अशा पिस्तुलांचे चाप हलके करून घेण्याची हौस मोठी आहे. आपल्याकडे ९ एमएमचं पिस्तूल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही, ते प्रतिबंधित बोरमध्ये येतं. पण हलक्या चापाचा मोह इथेही तोच आणि धोकाही तोच.

नेमबाजीच्या स्पर्धेतही चापाला मर्यादा असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा लागतो. १० मीटर एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम. नळी उभी धरून चापाला तेवढं वजन टांगतात आणि उचलून बघतात. वजन उचलताना चाप सुटला तर ते पिस्तूल बाद. हे खेळाडू आखीव मैदानात, पंचांसमोर, एका जागी उभं राहून नेम धरतात. आपला शेतकरी अंधारात, गडग्यावरून, करवंदीच्या जाळीतून जातो. त्याला स्पर्धेसारखा चाप कशाला हवा?

घासल्यावर काय होतं?

खाच आणि दात यांच्या पृष्ठभागावर पोलादाची कडक कातडी असते. ती फार पातळ असते. कानशीने ती निघून गेली की खालचं लोखंड मऊ. पहिले काही दिवस चाप मस्त चालतो. मग मऊ लोखंड झिजत जातं आणि दात खाचेत नुसता टेकून राहतो. अशी बंदूक माळ्यावरून खाली ठेवताना आपटली, झाडाला धडकली, पाय घसरून पाखाडीवर पडली तर चापाला बोट न लावता बार होऊ शकतो. सोबत राखणीला आलेला भाऊ किंवा शेजारी पुढे चालत असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

"सेफ्टी लावलेली असते की," असं काही जण म्हणतात. पण पुष्कळ बारा बोर बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतल्या घोड्याला नाही. खाचच झिजली असेल तर सेफ्टीचा उपयोग नाही. ठासणीच्या बंदुकीत अर्ध्या घोड्याची खाच असते, तिचंही तसंच.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. पण बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करायचा परवाना नव्हे. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं यासाठी वेगळा परवाना लागतो. तो नसताना केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. गावातल्या लोहाराने किंवा वेल्डिंगवाल्याने ओळखीखातर काम करून दिलं तर तोही अडकतो. नळी कापून आखूड करणं हाही गुन्हाच.

अपघातात कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा वेगळा, त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. आणखी एक गोष्ट : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही. वन्यप्राणी मारायला वनखात्याची परवानगी लागते.

मग करायचं काय?

चाप जड होण्याचं कारण बहुतेक वेळा खाच नसतेच. गंज, सुकून चिकट झालेलं जुनं तेल आणि धूळ, हीच खरी कारणं. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आली की हा त्रास हमखास जाणवतो. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून बाहेरून पुसणं, नळी साफ करणं, बंदुकीचं पातळ तेल लावणं हे मालकाने घरी करावं. खोबरेल किंवा गाडीचं जळकं तेल नको, ते साचून उलट चाप अडकतो. आतला भाग उघडायचा असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच जावं, परवाना सोबत ठेवावा आणि कामाची पावती घ्यावी.

घोडा अर्ध्यावर टिकत नसेल, चाप पूर्वीपेक्षा अचानक हलका लागत असेल किंवा बंदूक आपटल्यावर घोडा सुटत असेल, तर ती भरूच नये.

राखणीला जाताना गडगा किंवा वहाळ ओलांडण्याआधी काडतूस काढावं. ठासणीच्या बंदुकीची केप काढून खिशात ठेवावी, केपवर घोडा टेकवून चालू नये. केप परत लावायला काही क्षण जातात. तेवढ्यात डुक्कर निसटलं तर चार लोंब्या जातील, पण माणूस घरी परत येईल.