अर्कावतीचे पाणलोट आणि लोकसहभाग

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उतारावरून वाहत जाऊन एकाच ओढ्याला, नदीला किंवा तलावाला मिळते, त्या भूभागास पाणलोट क्षेत्र असे म्हणतात. हे क्षेत्र वनाच्छादित असेल, तर झाडे व पालापाचोळा पावसाचा मारा झेलतात, माती धरून ठेवतात आणि पाणी सावकाश जमिनीत मुरू देतात. म्हणूनच पावसाळा सरल्यानंतरही झरे वाहते राहतात.

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. त्याच्या जवळून एकही मोठी नदी वाहत नाही. नंदी टेकड्यांत उगम पावणाऱ्या अर्कावती नदीचे पाणी १८९४ पासून हेसरघट्टा तलावातून आणि १९३३ पासून तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयातून या शहराला मिळू लागले. शहराची गरज वाढल्यावर १९७४ पासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून कावेरीचे पाणी उपसून आणावे लागले. दरम्यान अर्कावतीचा प्रवाहही क्षीण होत गेला. धरणे जागच्या जागी उभी राहिली; त्यांत येणारे पाणी मात्र आटले.

याची कारणे धरणाजवळ नव्हेत, तर वरच्या गावांत आढळतात. कूपनलिकांनी भूजलाचा अतोनात उपसा झाला, ओढे बुजले आणि शेतांतून निलगिरीची लागवड पसरली. २००३ साली शासनाने या पाणलोटातील बांधकामांवर निर्बंध घातले. २०१७ साली कर्नाटकात निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी आली. परंतु शेतकऱ्याने निलगिरी निवडली ती कमी मजुरीत, बेभरवशाच्या पावसातही तिच्यापासून पैसा मिळतो म्हणून. त्याला पर्यायी उत्पन्न न देता केवळ मनाई केल्यास पाणी शहराला आणि तोटा गावाला, अशी वाटणी होते.

या प्रदेशात लोकसहभागाची परंपरा जुनीच आहे. पूर्वी गावतलावाचे पाणी शेतांना वाटून देण्याचे काम 'नीरघंटी' करीत असे आणि तलावातील गाळ गावकरी काढीत. तो गाळ शेतात खत म्हणून पडे. राखणारा आणि लाभ घेणारा एकच असल्यामुळे व्यवस्था टिकली. हेच तत्त्व पुढे वनांच्या बाबतीत स्वीकारले गेले. केंद्र शासनाने १९९० साली संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण जाहीर केले आणि कर्नाटकाने १९९३ साली त्यासंबंधी आदेश काढला. त्यानुसार ग्राम वनसमित्यांना संरक्षणाच्या जबाबदारीबरोबर वनोत्पन्नात वाटाही मिळाला.

शिवगंगा टेकड्यांत उगम पावणारी कुमुद्वती ही अर्कावतीची उपनदी. तिच्या पाणलोटात २०१३ पासून ग्रामस्थ व स्वयंसेवक यांनी ओढ्यांत दगडी बांध घातले, पुनर्भरण विहिरी खणल्या आणि झाडे लावली. अशी कामे एका पावसाळ्यात फळत नाहीत. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे आणि रोपे जगवणे हे दरवर्षी करावे लागते. बाहेरून आलेला माणूस परत जातो. गाव तेथेच राहते. म्हणून पाणलोटाचे रक्षण गावाच्या हिताशी जोडले गेले, तरच नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शहराचीही तहान भागेल.