विश्लेषण : गाडी घेतली सोलापुरात, बंद पडते बेंबळीत, कंपनीला जबाबदार कसं धरायचं?

नवी गाडी घेऊन जेमतेम सहा महिने झालेत. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीतून निघावं आणि अर्ध्या वाटेत इंजिनचा दिवा लागून गाडी थांबावी. मग टोचन करून सोलापूर किंवा लातूरचं सर्व्हिस सेंटर गाठायचं, दोन दिवस गाडी तिथे ठेवायची आणि ‘आता ओके आहे’ ऐकून परत आणायची. तिसऱ्या खेपेला डीलर म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनीचं कॉल सेंटर म्हणतं, डीलरकडे जा. अशा टोलवाटोलवीत ग्राहकाच्या हातात नेमकं काय असतं?

तक्रार कुठे करायची?

शोरूम सोलापूरला असलं, तरी त्यासाठी सोलापूरला खेटे घालावे लागत नाहीत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेंबळीकरांसाठी धाराशिव. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. शुल्कही किरकोळ आहे : ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो.

गाडी भाड्याने चालवत असल्यास?

कंपन्यांचा हा नेहमीचा बचाव : गाडी व्यावसायिक आहे, त्यामुळे मालक ‘ग्राहक’च नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वाहनाला कायद्यात सूट आहे. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा, कार, ट्रकचंच उदाहरण दिलं होतं. स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक ठरतो, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरीही. एका पिकअपवर घर चालवणाऱ्यासाठी हा मुद्दा मोलाचा आहे. मात्र तो तक्रारीत स्पष्ट लिहावा लागतो.

कंपनी की डीलर?

खरी मेख इथे आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटा इंडिगो घेतली. हवं होतं २०११ चं मॉडेल, हाती आलं २००९ चं, तेही ६२२ किलोमीटर चाललेलं. खालच्या तीनही मंचांनी डीलरसोबत कंपनीलाही जबाबदार धरलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरची जबाबदारी काढून टाकली. डीलर हा कंपनीचा नोकर नाही, दोघांमधला व्यवहार स्वतंत्र आहे. डीलरने काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं, असं सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

ह्युंदाईच्या क्रेटाचं प्रकरण वेगळं. २०१५ मध्ये घेतलेल्या गाडीला २०१७ मध्ये अपघात झाला आणि पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक पुरेशी जोरात नव्हती, हा कंपनीचा युक्तिवाद २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. वेग आणि बलाची गणितं मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने सुनावलं आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. इथे दोष विक्रीतला नव्हता, गाडीतलाच होता.

तरी प्रत्येक बिघाडात नवी गाडी मिळेल, या भ्रमात राहू नये. वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर अख्खी गाडी मागता येत नाही, असं २००६ च्या मारुती प्रकरणात ठरलं आहे. २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ आलं. सदोष उत्पादनामुळे इजा किंवा इतर मालमत्तेचं नुकसान झालं, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते.

पुरावा काय लागतो?

जॉब कार्ड. बहुतेक जण इथेच फसतात. गाडी चालता चालता बंद पडते, अशी तक्रार असते आणि कार्डावर लिहिलं जातं ‘जनरल चेकअप’. चार खेपांनंतर आयोगासमोर चार चेकअप उरतात, बिघाड एकही नाही. त्यामुळे आपल्याच शब्दांतली तक्रार कार्डावर आल्याशिवाय सही करू नये आणि प्रत मागून घ्यावी. टोचनची पावती, दिव्याचा व्हिडिओ, कंपनीला पाठवलेला ईमेलही कामी येतो. दोष उघड दिसत नसेल तर आयोग तांत्रिक तपासणी करायला लावू शकतो. तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं.

रिकॉलचं काय?

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत सुरक्षेचा दोष निघाला तर कंपनी त्या परत बोलावते आणि मोफत दुरुस्त करते. जनरल मोटर्सने २०१३ मध्ये सुमारे १.१४ लाख टवेरा अशाच बोलावल्या होत्या, कारण होतं प्रदूषणाचे निकष. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आल्यापासून केंद्र सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत सात वर्षांच्या आतल्या गाड्या येतात आणि दंड १ कोटीपर्यंत जातो. जुनी गाडी घेणाऱ्यांची अडचण अशी की रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकतं. एमएच-२५ पाटीची गाडी तिसऱ्या हातात असेल, तर चासी नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःच पाहिलेलं बरं.

मुदत किती?

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणत डीलर वेळ काढतो, तेव्हाही ही मुदत संपतच असते.