घराचं कर्ज थोडं जास्त काढावं का?



गेल्या दिवाळीनंतर कुडपणला गटाची सभा आटोपली, वह्या मिटल्या आणि एक काकी मागे थांबल्या. त्यांचा चाकरमानी मुलगा बदलापूरला घर घेत होता. किंमत २० लाख. पोटाला चिमटा काढून त्यानं ४ लाख साठवलेले. म्हणजे १६ लाखांच्या कर्जात काम भागत होतं. पण बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, १८ लाखही द्यायला तयार होती. मुलगा म्हणे, "१८ काढतो, माझे २ लाख अडीनडीला हाताशी राहतील." काकींना ते पटेना. "कर्ज काढून पैसे जपून ठेवायचे? हे कुठलं शहाणपण?"

मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

व्याज ९ टक्के धरू, मुदत २० वर्षं. १६ लाखांचा हप्ता साधारण १४,४०० रुपये येतो, १८ लाखांचा १६,२००. म्हणजे जास्तीच्या २ लाखांसाठी महिन्याला १,८०० रुपये, आणि २० वर्षांत त्या २ लाखांचे ४ लाख ३० हजारांच्या वर भरायचे. ते पैसे बचत खात्यात ठेवले तर वर्षाला ५-६ हजार व्याज मिळेल, पण कर्जावर पहिल्या वर्षी १८ हजारांच्या आसपास जाईल. पैसे नुसते ठेवून घेण्याचं हे महिना हजार रुपये भाडं झालं.

एवढं ऐकून काकी खूश झाल्या. पण थांबा, मुलाची बाजू राहिली.

भिंतीत घातलेला पैसा परत काढता येत नाही. सगळे ४ लाख घरात घातले आणि सहा महिन्यांनी कंपनीनं कामावरून कमी केलं, तर बँकेत जाऊन "माझेच २ लाख द्या" म्हणता येत नाही. वाढीव कर्ज मागितलं तर पगाराची चिठ्ठी मागतात, आणि तीच तर नसते. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत धरतात. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते, आणि त्यानंतर घराचा ताबा. अशा वेळी गावाकडची आई काय करते हे आपल्याला ठाऊक आहे. गळ्यातलं ठेवते, नाहीतर शेकडा पाच रुपये महिन्यानं उचलते. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. त्यापुढे बँकेचे ९ टक्के काहीच नाहीत.

आणखी एक गोष्ट मुलाच्या बाजूची आहे. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज माणसाच्या स्वतःच्या नावावर असेल, तर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही. म्हणजे हाताशी ठेवलेले पैसे नंतर कर्जात भरता येतात, पण भरलेले सहसा परत मिळत नाहीत.

म्हणून प्रश्न ठेवायचे की नाही हा नव्हता, किती ठेवायचे हा होता. काकींच्या मुलाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला २५ हजार. चार महिने निभावतील एवढे, म्हणजे १ लाख पुरे असं मी म्हटलं. कर्ज १७ लाख. मुलगा सहा महिन्यांचे म्हणत होता, तेही चूक नव्हतं. पण हाताशी २ लाख दिसले की गणपतीला नवी मोटारसायकल येते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

विम्याचंही विचारायला सांगितलं. २२ जुलै २०२१ आपण कोणी विसरलेलो नाही. महाडच्या बाजारपेठेत पाणी, तळियेत दरड, आणि आपल्या तालुक्यात साखर सुतारवाडी, केवनाळे. घर गेलं म्हणून घराचं कर्ज जात नाही, हप्ते मागे राहतात. घराचा विमा वेगळा आणि कर्ज घेणाऱ्याच्या जिवाचा वेगळा. बँक बहुतेक वेळा दुसऱ्याचाच आग्रह धरते. दोन्ही कागद मागून घ्या.

हे ऐकून एका वहिनींनी लगेच विचारलं, "मग आपण पण गटातून जास्तीचं कर्ज उचलून ठेवायचं का?" नाही. गटाचा पैसा आपल्याच खात्यात असतो, अडचण आली की सभा बोलावून देता येतो. आधी उचललात तर व्याज तुमचं, आणि खरी गरज असलेल्या बाईला तेवढं कमी. बँकही बचत गटाला १० लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देते, तेव्हा त्यासाठी कोणी घर-जमीन गहाण टाकायला सांगितली तर सही करू नका.

काकींच्या मुलानं शेवटी १७ लाख काढले. उरलेल्या लाखाची मुदत ठेव केली, काकींच्या आणि त्याच्या नावावर, दोघांच्या सहीनंच मोडेल अशी. पावती काकींच्या पत्र्याच्या पेटीत आहे. किल्ली कुठे असते, ते त्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही.