सत्तेचाळीस वर्षे न उजाडलेला कायदा

जबलपूरच्या गोहलपूर भागात पैसे लावून पत्ते खेळणाऱ्यांवर धाड पडली, की पोलीस आजही ज्या कायद्याकडे वळतात तो १८६७ सालचा आहे. सार्वजनिक जुगार अधिनियम हे त्याचे नाव. मध्य प्रदेशाने त्यात आपल्या दुरुस्त्या केल्या, पण सांगाडा तोच राहिला. तो ज्या प्रांतांसाठी झाला, त्यांतल्या मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर दोन्ही होती; ती १९५६ पर्यंत एकत्र नांदली.

या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यातली बहुतेक कलमे आपोआप लागू होत नव्हती. सरकारने अधिसूचना काढायची आणि अमुक शहर, अमुक उपनगर, अमुक रेल्वे स्टेशन किंवा स्टेशनापासून तीन मैलांच्या आतले ठिकाण कायद्याखाली आणायचे, अशी सोय होती. इलाहाबादहून जबलपूरला रेल्वे आली तेही १८६७ मध्येच. रुळांबरोबर गर्दी येते आणि गर्दीबरोबर जुगाराचे अड्डे, हे ओळखूनच ते तीन मैल मोजले गेले असावेत, असे मला वाटते.

अधिसूचनेच्या एका कागदाने कायदा जागा होतो. तो कागदच निघाला नाही तर काय होते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र महाराष्ट्राचे आहे.

१९७६ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र विधिमंडळाने महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम मंजूर केला. कॅसिनोला परवाना द्यायचा, त्यावर देखरेख ठेवायची आणि कर घ्यायचा, असा त्याचा आशय. ‘नियंत्रण व कर’ ही जोडी मुंबईला नवी नव्हती. सोडती आणि बक्षीस स्पर्धांवरच्या १९४८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याच्या नावातही तेच शब्द होते. शब्दकोड्यांच्या स्पर्धांवरील त्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून दाखले दिले आणि जुगार हा संविधानाने राखलेला व्यापार नव्हे, असे ठरवले. म्हणजे कॅसिनो काढण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. राज्याने दार उघडले तरच आत जाता येते. जुगार हा विषयही संविधानाने राज्यांकडेच ठेवला आहे.

महाराष्ट्राने दार केले, बिजागऱ्या बसवल्या आणि उघडले मात्र नाही. सरकार राजपत्रात जाहीर करील त्या तारखेपासून कायदा अंमलात येईल, अशी तजवीज होती. ती तारीख कधी उगवलीच नाही. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, मटका गल्लोगल्ली पोहोचला, राज्याची स्वतःची लॉटरी तर १९६९ पासून चालूच होती. कॅसिनोचा कायदा मात्र पुस्तकात निजून राहिला.

त्याच १९७६ साली गोवा, दमण व दीवचा सार्वजनिक जुगार कायदा झाला, आणि तो होता बंदीचा. पण १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरच्या खेळांना, आणि आज पणजीसमोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. गोवेकरांना तिथे खेळायला २०२० च्या फेब्रुवारीपासून मनाई आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीनेही १९७६ मध्येच मतदान घेऊन ॲटलांटिक सिटीत कॅसिनोला मान्यता दिली. दीड वर्षात, १९७८ च्या मे महिन्यात, पहिला कॅसिनो उघडला. ज्याने परवानगी दिली त्या महाराष्ट्रात कॅसिनो आला नाही आणि ज्याने बंदी घातली त्या गोव्यात आला.

न्यायालयाने सरकारला तारीख जाहीर करायला भाग का पाडले नाही, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर ए. के. रॉय खटल्यात आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीतले प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयीचे कलम केंद्राने लागू केले नव्हते; आजही ते लागू नाही. ते लागू करण्याचा हुकूम आम्ही देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये सांगितले. पुढे १९८८ मध्ये त्याच न्यायालयाने एवढी पायवाट ठेवली, की लागू करायचे की नाही याचा विचार करा, असे सरकारला बजावता येते. कॅसिनो कायद्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, तेव्हा हीच पायवाट उपयोगी पडली. सरकारने विचार केला आणि नकार दिला.

शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. गृहखाते सांभाळणारे देवेंद्र फडणवीस यांचा कॅसिनोला विरोध जाहीरच होता.

कॅसिनो नको, हा निर्णय मला योग्य वाटतो. जुगाराने उठलेली घरे करातून परत उभी राहत नाहीत. पण तो नकार देण्यासाठी सत्तेचाळीस वर्षे घेणे योग्य नव्हते. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने केलेला कायदा एका न काढलेल्या कागदाने अडून राहतो आणि त्याचे कारण कोणाला द्यावे लागत नाही, ही उणीव कॅसिनोपुरती नाही. दिल्लीचा १९९५ चा भाडे कायदाही असाच तारखेविना पडून राहिला. मंजूर झालेला कायदा ठरावीक मुदतीत लागू झाला नाही, तर सरकारने त्याचे कारण सभागृहापुढे ठेवलेच पाहिजे, असा नियम आपल्या आमदारांनी करून घ्यावा.