चाक किती फिरलं? स्वस्त रोबोटगाडीसाठी एन्कोडर

चिंचपोकळीतल्या चाळीची गॅलरी म्हणजे रोबोट बनवणाऱ्याला आयती मिळालेली चाचणीपट्टी. लांब, सरळ, एका बाजूला दारं आणि दुसऱ्या बाजूला कठडा. दोन बीओ मोटरींची गाडी घ्या, दोन्ही मोटरी तीन सेकंद पुढे चालवा असा आदेश लिहा आणि सोडून द्या. पहिल्या दारापर्यंत गाडी शहाण्यासारखी जाते. दुसऱ्या दारापाशी कलायला लागते. तिसऱ्या दाराबाहेरच्या चपलांत घुसून चाकं फिरवत बसते.

आदेशात चूक काहीच नसते. पण एकाच पाकिटातल्या दोन मोटरी सारख्या वेगाने फिरत नाहीत, कारण गिअरचं घर्षण प्रत्येकीचं वेगळं. बॅटरी उतरली की तेवढ्याच तीन सेकंदांत गाडी कमी अंतर जाते. म्हणजे आपण वेळ मोजतो आणि त्याला अंतर समजतो.

टॅक्सीचा मीटर

त्यापेक्षा चाकाचे फेरेच मोजावेत, आणि ते मोजणारा तो एन्कोडर. मुंबईकराला तो नवा नाही, फक्त नाव नवं आहे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला डाव्या बाजूला बाहेर लावलेला तो यांत्रिक मीटर आठवा. गिअरबॉक्समधून निघालेली फिरती केबल त्याला फिरवायची, आकडा पुढे सरकायचा आणि भाड्याच्या कार्डावरून पैसे ठरायचे. ही टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. तिच्या मीटरचं तत्त्व मात्र आपल्या गाडीत जसंच्या तसं लागतं: चाकाचे फेरे मोजा, घेराने गुणा, अंतर आलं.

खाचांची चकती

सर्वांत स्वस्त सोय म्हणजे २० खाचांची प्लास्टिकची चकती आणि तिच्या दोन अंगांना बसणारा यू आकाराचा प्रकाश-सेन्सर. खाच समोर आली की प्रकाश पार जातो, दात आला की अडतो; दर खाचेला सेन्सरकडून एक पल्स मिळतो. सामान अर्थातच लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर. तिथे मोटर मागताना ‘डबल शाफ्ट’ म्हणायला विसरू नका. एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चकती. सिंगल शाफ्टची मोटर घरी आणली तर चकती लावायला जागाच उरत नाही आणि पुन्हा ग्रँट रोड गाठावं लागतं.

हिशेब सोपा. चाक ६५ मिलिमीटरचं, घेर सुमारे २०४. वीस खाचांनी भागलं की एका पल्सला १०.२ मिलिमीटर. गाडी सरळ ठेवायला एवढं चालतं: डाव्या आणि उजव्या मोजणीतला फरक घ्यायचा, त्याला एका छोट्या आकड्याने गुणायचं आणि पुढे गेलेल्या चाकाचा पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरीचा वेग ठरवणारा आकडा, तेवढा उतरवायचा. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमातल्या फायर बर्ड ५ रोबोटमध्येही अशीच खाचांची चकती आहे. तिला ३० खाचा आणि चाक ५१ मिलिमीटरचं, म्हणून एका पल्सला साधारण ५.३ मिलिमीटर.

वळताना उडणारी तारांबळ

खरी गोची वळणावर होते. दोन चाकांत १३० मिलिमीटर अंतर धरा. जागच्या जागी काटकोनात वळायला प्रत्येक चाकाने १०२ मिलिमीटर जायला हवं, म्हणजे अवघे दहा पल्स. दोन्ही चाकांवर एकेक पल्स चुकला तर गाडी नऊ अंशांनी चुकते. अशी चार वळणं घेतल्यावर चौकोनाच्या जागी काय उमटतं, ते गॅलरीच्या फरशीवर खडूने काढून पाहा.

चकती गिअरबॉक्सनंतरच्या, मंद फिरणाऱ्या दांड्यावर बसते, म्हणून ती इतकी जाडीभरडी. ‘एन २०’ मोटरीच्या एन्कोडरमध्ये छोटं चुंबक मोटरीच्या पाठीवर, गिअरच्या आधी असतं. तिथे एका फेऱ्याला सात पल्स मिळतात आणि १:१०० गिअर असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला सातशे. मोटर महाग पडते, पण वळणं घ्यायची असतील तर मी हा खर्च आधी करीन आणि बाकीचं नंतर घेईन. गिअरच्या दातांमधली ढिलाई मात्र या एन्कोडरला दिसत नाही.

पुढे की मागे?

एकाच सेन्सरला दिशा कळत नाही. गाडी मागे ढकलली तरी आकडा वाढतच जातो. म्हणून एन २०मध्ये चुंबक ओळखणारे दोन हॉल सेन्सर असतात, ए आणि बी, एकमेकांपासून पाव आवर्तन सरकलेले. ए बदलला त्या क्षणी बी वर आहे की खाली, एवढं पाहिलं की दिशा समजते. जुन्या गोळीवाल्या माऊसमध्येही हीच युक्ती होती. भंगारात मिळाला तर उघडून बघावा: दोन बारीक चकत्या आणि त्यांचे सेन्सर फुकट हाती लागतात.

मोजणीतल्या खोड्या

आर्डुइनो उनोवर बाह्य इंटरप्टच्या, म्हणजे बदल झाला की लगेच दखल घ्यायला लावणाऱ्या, पिना दोनच, २ आणि ३. दोन्ही मोटरींचे ए तिथे लावा, बी कुठल्याही साध्या पिनेवर चालतो. एचे चढ आणि उतार दोन्ही मोजले की फेऱ्याला १४०० आकडे होतात. इथे मोजणी ‘इंट’मध्ये, म्हणजे दोन बाइटच्या पूर्णांकात, ठेवली तर ३२,७६७नंतर ती एकदम उणे होते. ४३ मिलिमीटरच्या चाकावर हे तीन मीटर ओलांडताच घडतं. माझी गाडी एकदा गॅलरीच्या मध्यावर थबकली आणि उलटी पळाली. मी दोन संध्याकाळी वायरी तपासल्या, दोष एका शब्दात होता. ‘लाँग’ वापरा, त्याच्या आधी ‘व्होलाटाइल’ लिहा आणि आकडा वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवा. उनोत ‘लाँग’चे चार बाइट एका दमात वाचता येत नाहीत.

खाचांच्या सेन्सरला एका खाचेचे दोन पल्स दाखवायची खोड असते. चाक मिनिटाला २०० फेरे फिरत असेल तर दोन पल्समध्ये १५ मिलिसेकंद जातात, तेव्हा दोन मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स बेलाशक टाकून द्यावा. मोटरीच्या ब्रशचा विद्युत गोंगाट वेगळा. त्यासाठी मोटरीच्या दोन टोकांवर ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर डकवा.

कॅरमची पावडर

एन्कोडर चाक मोजतो, जमीन मोजत नाही. गॅलरीत दुपारी कॅरम रंगला असेल तर संध्याकाळी फरशीवर सांडलेल्या पावडरवर चाक जागीच फिरतं आणि आकडे ऐटीत वाढत राहतात. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज नाही. फडका मारावा.

वजनाने टायर दबतो, त्यामुळे छापील ६५ मिलिमीटरवरही विसंबू नये. टेपने दोन मीटर आखून घ्या, गाडी हाताने ढकलू नका, तिच्याच मोटरींवर पाच वेळा चालवा आणि दोन हजार मिलिमीटरला त्या पाच मोजण्यांच्या सरासरीने भागा. जो आकडा येईल तोच प्रोग्रॅममध्ये भरायचा. बॅटरी आणि वरचा डबा बसवूनच हे करावं, नाहीतर सगळं पुन्हा मोजावं लागतं.