चौलच्या मातीत इराक-इराणची खापरं! निळ्या झिलईच्या तुकड्याला एवढं महत्त्व का?

न्हावा शेवा : येथील जेएनपीए बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. पण रायगडच्या किनाऱ्यावर परदेशी माल हजार वर्षांपूर्वीही उतरत होता. त्याचा पुरावा आहे मातीच्या भांड्यांचे फुटके तुकडे, म्हणजेच खापरं.

ही खापरं कुठे सापडली?
न्हावा शेव्याच्या दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर चौल आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे केलेल्या उत्खननात पश्चिम आशियातील झिलईदार भांड्यांचे तुकडे मिळाले. बंदरासमोरच्या घारापुरी बेटावर निमुळत्या बुडाच्या 'टॉर्पेडो' रांजणांची खापरं आढळली. आतला द्रव झिरपू नये म्हणून या रांजणांना आतून डांबर फासलेलं असे.

रंग निळा कसा यायचा?
क्षारयुक्त झिलईत तांब्याचा अंश मिसळला की भट्टीत फिरोजी रंग येतो. तेच तांबं शिशाच्या झिलईत मिसळलं, तर हिरवा.

नक्षीची सुरुवात कशी झाली?
नवव्या शतकात चीनची पांढरी भांडी इराकमध्ये पोहोचली. बसऱ्याच्या कुंभारांकडे तशी पांढरी माती नव्हती. त्यांनी पिवळसर मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि त्यावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. पुढे चांदी-तांब्याच्या संयुगांनी रंगवून, कमी ऑक्सिजनच्या भट्टीत पुन्हा भाजून धातूसारखी चमकही आणली.

ती चौलला कोणी आणली?
अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास 'सैमूर'ला आला. सैमूर म्हणजेच चौल, असं अभ्यासक मानतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथले लोक तिथे राहत असल्याचं त्याने लिहिलं आहे. त्याच्या लेखनाला खापरांचा आधार मिळतो.

मग धोका कसला?
खापर कोणत्या थरात आणि कशासोबत सापडलं, यावरून त्या जागेचा काळ ठरवायला मदत होते. पाया खणताना माती उपसली किंवा कुणी आठवण म्हणून तुकडा घरी नेला, की हा संदर्भ कायमचा पुसला जातो. शोकेसमध्ये मग फक्त निळा तुकडा उरतो.

तुम्हाला असा तुकडा दिसला तर?
उचलू नका. जागेवरच फोटो काढा, लोकेशन नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.